चाहत्यांचं ऐकावं, पण काय?

'स्टार ट्रेक'च्या दुसऱ्या चित्रपटाची तयारी चालू असताना बातमी फुटली, की या भागात स्पॉक हे लाडकं पात्र मरणार. तेव्हा इंटरनेट नव्हतं. तरी चाहत्यांच्या संमेलनांतून आणि हौशी अंकांतून बातमी पसरायची तशी पसरली आणि पॅरामाउंट स्टुडिओकडे निषेधाची पत्रं येऊन थडकू लागली. दिग्दर्शक निकोलस मायर यांच्यापुढे दोन सोपे मार्ग होते. पत्रं केराच्या टोपलीत टाकायची, नाहीतर स्पॉकला जिवंत ठेवून मोकळं व्हायचं. मायर यांनी यातलं काहीच केलं नाही.

१९८२ साली 'द रॅथ ऑफ खान' पडद्यावर आला. पहिलंच दृश्य यानाच्या नियंत्रणकक्षातलं. कप्तानाच्या खुर्चीत साविक ही तरुण अधिकारी बसली आहे. 'कोबायाशी मारू' नावाच्या जहाजाकडून मदतीची हाक येते, साविक यान तिकडे वळवते आणि क्लिंगॉनांच्या तावडीत सापडते. स्फोट होतात, एकेक जण कोसळतो, त्यांत स्पॉकही कोसळतो. मग समोरची भिंत सरकते, मागून प्रखर उजेड येतो आणि त्यातून स्पॉकचा जुना मित्र कर्क चालत आत येतो. सगळी परीक्षा होती. मेलेले अंग झटकून उठतात. पुढे कर्क स्पॉकला गाठून मिश्कीलपणे विचारतो, की तू मेला होतास ना? बातमी ऐकून धुमसत आलेल्या चाहत्याला वाटावं, आपण उगाच धास्तावलो, एवढंच होतं तर! तो सैलावतो. आणि चित्रपटाच्या शेवटी, यान वाचवायला किरणोत्साराने भरलेल्या खोलीत शिरलेला स्पॉक काचेपलीकडे, कर्कच्या डोळ्यांदेखत, खरोखर मरतो.

मायर यांनी चाहत्यांची मागणी धुडकावली, पण पत्रं मात्र नीट वाचली होती असं म्हणावं लागतं. त्या पत्रांमागची भीती अशी होती, की ज्या माणसाबरोबर आपण सोळा वर्षं काढली, त्याला हे लोक केवळ खळबळ उडवून देण्यासाठी मारतील. मायर यांनी त्या भीतीलाच उत्तर दिलं. मरणाला कारण दिलं, वजन दिलं, निरोप घ्यायला वेळ दिला. पुढे स्टुडिओने त्यांचा विरोध असताना शेवटी स्पॉकच्या शवपेटीचं आशा दाखवणारं दृश्य जोडलं आणि १९८४च्या भागात स्पॉकला परत आणलंच. चाहत्यांची मागणी अशी पुरी झाली. पण चाळीस वर्षांनंतरही चर्चा होते ती १९८२च्या मृत्यूची. १९८४च्या पुनरागमनाबद्दल कोणी फारसं भरभरून बोलत नाही.

वर्षानुवर्षं चालणाऱ्या विज्ञानपटमालिकांचा नवा भाग आला की चाहत्यांच्या मताचं काय करायचं, हा प्रश्न आता प्रत्येक स्टुडिओपुढे असतो. एक पक्ष म्हणतो, पैसे चाहते मोजतात, तेव्हा त्यांना हवं ते द्या. दुसरा म्हणतो, कलावंताने कोणाचं ऐकू नये, चाहते कायम कुरकुरतच असतात. मला दोन्ही पक्ष चुकीचे वाटतात. चाहत्याची तक्रार बहुतेक वेळा खरी असते. त्याने सुचवलेला उपाय मात्र बहुतेक वेळा चुकीचा असतो. काय हरवलं हे त्याच्याइतकं नेमकं कोणालाच कळत नाही, कारण मूळ कलाकृती त्याच्याइतकी कोणी घोकलेली नसते. आणि नेमकं त्याच कारणाने, पुढे काय घडावं हे त्याला सुचत नाही. तो मागे पाहून बोलत असतो.

या चाहत्यांना हलक्यात घ्यायचं मात्र कारण नाही. या मालिका आज जिवंत आहेत त्या त्यांच्यामुळे. 'स्टार ट्रेक' १९६६मध्ये एनबीसीवर सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी ती गुंडाळण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. तेव्हा बीजो ट्रिम्बल आणि त्यांचे पती जॉन यांनी पत्रमोहीम उभारली. पत्रांचा मारा इतका झाला, की मार्च १९६८मध्ये वाहिनीला एका भागाच्या अखेरीस जाहीर करावं लागलं, मालिका चालू राहणार आहे, कृपया आता पत्रं पाठवू नका. तिसऱ्या वर्षानंतर ती बंद पडलीच. पण तोवर ७९ भाग झाले होते आणि स्थानिक वाहिन्यांवर ते पुन्हा पुन्हा दाखवता येत होते. जानेवारी १९७२मध्ये न्यू यॉर्कला संमेलन भरलं, तेव्हा आयोजकांनी काहीशे लोक धरले होते आणि आले तीन हजारांच्या घरात. १९७६मध्ये नासाच्या पहिल्या शटलला 'कॉन्स्टिट्यूशन' हे नाव द्यायचं ठरलं होतं, ते चाहत्यांच्या पत्रांमुळे बदलून 'एंटरप्राइझ' झालं. संमेलन आणि हा नावबदल झाला तेव्हा मालिका बंद होती. चित्रपट यायला १९७९ उजाडलं. मधली दहा वर्षं हा संसार चाहत्यांनीच चालवला. असा माणूस नव्या भागाबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्यात हक्काचा सूर येणारच.

आता या माणसाला काय हवं असतं ते पाहू. त्याच्यावर नेहमीचा आरोप असा, की याला तेच दिलं तरी चालत नाही आणि वेगळं दिलं तरी चालत नाही. 'स्टार वॉर्स'च्या बाबतीत हे वारंवार ऐकू येतं. २०१५चा 'द फोर्स अवेकन्स' आला तेव्हा तक्रार झाली, की ही तर १९७७च्या चित्रपटाची नक्कल आहे. वाळवंटी ग्रहावर एकटी वाढलेली पोर, गुपित पोटात घेऊन पळणारा यंत्रमानव, ग्रहच्या ग्रह उडवणारं महाकाय शस्त्र, सगळं ओळखीचं. दोन वर्षांनी 'द लास्ट जेडाय'ने वाट मोडली, तर ओरड झाली, की हे आमचं 'स्टार वॉर्स' नव्हेच. मग हसणारे हसले. मला यात विसंगती दिसत नाही. चाहत्याला पूर्वीचा अनुभव हवा असतो आणि पूर्वीच्या वस्तू पुन्हा मांडून तो अनुभव येत नाही. त्याची पहिली तक्रार वस्तू पुन्हा मांडल्याबद्दल होती, दुसरी अनुभव न आल्याबद्दल. दोन्ही तक्रारी एकाच जागेवरून आल्या.

याचा सगळ्यात सरळ पुरावा 'स्टार ट्रेक'मध्येच सापडतो. २०१३च्या 'इन्टू डार्कनेस'मध्ये जे. जे. एब्रम्स यांनी खलनायक खानला परत आणलं आणि १९८२चं ते काचेचं दृश्य उलटं करून दाखवलं. या वेळी किरणोत्साराच्या खोलीत कर्क मरतो आणि काचेबाहेर स्पॉक आक्रोश करतो. रचना तीच, काच तीच, काचेवर टेकवलेले पंजे तेच. समीक्षकांनी चित्रपटाची वाखाणणी केली, गल्लाही बरा जमला. पण त्याच ऑगस्टमध्ये लास वेगासच्या संमेलनात जमलेल्या चाहत्यांनी आजवरच्या सगळ्या भागांची क्रमवारी लावली आणि याला तळाशी टाकलं. का? १९८२मध्ये त्या काचेच्या दोन बाजूंना सोळा वर्षांची मैत्री उभी होती. २०१३च्या या दोन तरुणांची ओळख एका चित्रपटाएवढी जुनी. शिवाय कर्क थोड्याच वेळात खानच्या रक्ताने उठून बसतो. दृश्य उसनं आणलं होतं, पण त्यामागची किंमत कोणी मोजली नव्हती. हे समीक्षकांच्या नजरेतून बऱ्याच अंशी निसटलं. चाहत्यांनी ते पकडलं, कारण मूळ दृश्य त्यांना पाठ होतं. इथे त्यांचं मत तज्ज्ञाचं मत होतं, आणि त्याला ती प्रतिष्ठा द्यायला हवी.

तक्रार खरी आणि उपाय खोटा, हे मात्र 'द लास्ट जेडाय'च्या वादात जितकं उघड दिसतं तितकं कुठेच दिसत नाही. 'द फोर्स अवेकन्स'च्या शेवटी रे ही मुलगी समुद्रातल्या एका बेटावरच्या पायऱ्या चढून जाते आणि जुन्या चित्रपटांचा नायक ल्यूक स्कायवॉकर याच्यापुढे त्याचा लाइटसेबर धरते. चित्रपट तिथेच संपतो. प्रेक्षक दोन वर्षं त्या पुढे केलेल्या हातावर खोळंबून राहिले. २०१७मध्ये रायन जॉन्सन यांनी पुढचं दृश्य दाखवलं, तर ल्यूक ते शस्त्र हातात घेतो, पाहतो आणि खांद्यावरून मागे भिरकावून चालू लागतो. पुढे कळतं, की आपल्या झोपलेल्या भाच्याच्या मनातला अंधार पाहून त्याला मारून टाकावं असा विचार एका क्षणी ल्यूकच्या मनात येऊन गेला होता. साक्षात वडिलांना, डार्थ व्हेडरला, ज्याने वाचवलं तो ल्यूक? खुद्द ल्यूक साकारणाऱ्या मार्क हॅमिल यांनी या ल्यूकशी आपण सहमत नसल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं. नंतर, हे चारचौघांत बोलायला नको होतं, असंही ते म्हणाले.

माझं मत विचाराल तर जॉन्सन यांना ल्यूक चांगला कळला होता. १९८३च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्येही ल्यूक संतापाने भान हरपून व्हेडरचा हात तोडतो, मग स्वतःलाच घाबरतो आणि लाइटसेबर फेकून देतो. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय शस्त्र टाकण्यातच होता. 'द लास्ट जेडाय'च्या शेवटी तो एका अख्ख्या फौजेसमोर उभा राहतो आणि एकालाही न मारता आपल्या माणसांना पळून जायला वेळ मिळवून देतो. हे जुन्या ल्यूकशी सुसंगतच आहे. म्हणून 'ल्यूकचा विचका केला' हा आरोप मी मान्य करत नाही.

तरीही चाहत्यांच्या त्या रागात खरं असं बरंच काही होतं. ल्यूक, लेया आणि हान सोलो ही तिघं बत्तीस वर्षांनी परतली, आणि तीन चित्रपटांत मिळून एकाही दृश्यात एकत्र आली नाहीत. हान तर पहिल्याच भागात मारला गेला. तीन भागांची मिळून गोष्ट काय असणार, हे कोणी आधी ठरवलेलं दिसत नव्हतं. एकाने कोडी घालायची, दुसऱ्याने ती मोडीत काढायची. तिसरा भाग कॉलिन ट्रेव्हॉरो करणार होते, ते २०१७मध्ये बाहेर पडले आणि पहिला भाग करणाऱ्या एब्रम्स यांना परत बोलावलं गेलं. डिस्नेने २०१२मध्ये लुकसफिल्म चार अब्ज डॉलरहून अधिक मोजून घेतली होती. एवढी रक्कम मोजणाऱ्यांनी तीन भागांचा एक आराखडा तरी हातात ठेवावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हती. 'या गोष्टीला कोणी धनी नाही' ही तक्रार अशी शंभर टक्के खरी होती. ती ल्यूकच्या नावाने बोलली गेली एवढंच.

त्यावर चाहत्यांपैकी मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांनी उपाय काय सांगितला? हा भाग रद्द समजा, जुना ल्यूक परत द्या, रोझ टिको या नव्या पात्राला बाजूला करा, रे कोणातरी मोठ्या घराण्यातली दाखवा. आणि २०१९च्या 'द राइज ऑफ स्कायवॉकर'ने जवळपास ही यादीच अमलात आणली. ल्यूकचा आत्मा आगीत फेकलेला लाइटसेबर झेलतो आणि जेडायच्या शस्त्राचा मान राखावा असं रेला सुनावतो. मागच्या भागात जिचे आईवडील कोणी नव्हते ती रे सम्राट पॅल्पटिनची नात निघते. तो पॅल्पटिन १९८३मध्ये मेला होता. तो परतल्याची घोषणा चित्रपटात ऐकू येत नाही, ती झाली 'फोर्टनाइट' या व्हिडिओ गेममध्ये. रोझच्या वाट्याला सव्वा मिनिटाच्या आसपास पडदा आला. 'द फोर्स अवेकन्स'ने दोन अब्ज डॉलरहून अधिक गल्ला जमवला होता, 'द लास्ट जेडाय'ने एक अब्ज तेहेतीस कोटींच्या आसपास. आज्ञाधारक तिसरा भाग एक अब्ज सात कोटींच्या आसपास थांबला. ज्यांना 'द लास्ट जेडाय' आवडला होता ते दुखावले आणि ज्यांना आवडला नव्हता त्यांच्यातल्याही अनेकांना हा चित्रपट म्हणजे मनधरणी वाटली. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ 'स्टार वॉर्स'चा एकही नवा चित्रपट थिएटरात आला नाही. धनी नाही ही मूळ तक्रार होती. कंपनीने गोष्टीला धनी शोधला नाही, तक्रारदारालाच गादीवर बसवलं.

याउलट उदाहरण हवं असेल तर जपानकडे पाहावं. इशिरो होंडा यांचा 'गोझिला' १९५४चा. त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनी बेटावरच्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख 'लकी ड्रॅगन' या जपानी मासेमारी नौकेवर पडली होती, आणि चित्रपटाची सुरुवातही समुद्रात लखलखाट होऊन नष्ट होणाऱ्या नौकेने होते. गोझिला हा राक्षस त्या जखमेतून निघाला. १९९८च्या अमेरिकी आवृत्तीत मोठी पाल उरली आणि जखम गेली. चाहते भडकले. तोहो कंपनीनेही २००४च्या 'फायनल वॉर्स'मध्ये त्या अमेरिकी प्राण्याला खऱ्या गोझिलाच्या हातून काही क्षणांत लोळवून आपलं मत नोंदवलं. 'हा आमचा गोझिला नव्हे' ही तक्रार बरोबर होती. पण तिचं उत्तर रबरी पोशाखात परत जाणं हे नव्हतं. २०२३चा 'गोझिला मायनस वन' बनवणारे ताकाशी यामाझाकी स्वतः गोझिलाचे भक्त. त्यांनी गोष्ट युद्धाच्या शेवटात नेली आणि नायक केला तो आत्मघातकी हल्ल्यातून माघार घेतलेला, जगल्याची शरम वागवणारा वैमानिक. अशा नायकाची मागणी कोणी केली नव्हती. दीड कोटी डॉलरपेक्षाही कमी खर्चात तयार झालेल्या या चित्रपटाने शंभर दशलक्षांहून अधिक कमावले आणि गोझिलाच्या सत्तर वर्षांच्या कारकिर्दीतलं पहिलं ऑस्कर मिळवलं, तेही दृश्यपरिणामांसाठी. यामाझाकी चाहते असल्यामुळे त्यांना मूळ जखम ठाऊक होती, आणि दिग्दर्शक असल्यामुळे ती नव्या जागी उघडून दाखवता आली.

'स्टार वॉर्स'मध्येही हे घडलं, फक्त छोट्या पडद्यावर. २०२२ आणि २०२५मध्ये आलेल्या 'अँडॉर' या मालिकेत स्कायवॉकर घराणं नाही, जेडायही नाहीत. आहेत ते कारकून, तुरुंग, पाळत, जप्त्या, आणि साधी माणसं बंडापर्यंत कशी ढकलली जातात याचा हिशेब. तिचे कर्ते टोनी गिलरॉय यांनी आपण 'स्टार वॉर्स'चे भक्त नसल्याचं कधी लपवलं नाही. आधीच्या एका चित्रपटातल्या कॅसियन अँडॉर या पात्राच्या पूर्वायुष्यावर चोवीस भाग करा, असं कुठल्या चाहत्याने पत्रात लिहिलं असेल? तरी डिस्नेच्या काळातलं सर्वोत्तम 'स्टार वॉर्स' म्हणून चाहते आज हिचंच नाव घेतात. जुन्या चित्रपटांतलं साम्राज्य नेमकं कसं जाचतं, हे पहिल्यांदाच कोणी मन लावून दाखवलं होतं.

आता प्रश्न असा, की 'चाहत्यांचं मत' म्हणजे नेमकं कोणाचं? 'द लास्ट जेडाय'चंच पाहा. रॉटन टोमॅटोजवर समीक्षकांची पसंती नव्वद टक्क्यांच्या वर आणि प्रेक्षकांची चाळीसच्या आसपास. पण थिएटरातून बाहेर पडणाऱ्या लोकांना विचारून गुण देणाऱ्या सिनेमास्कोअरने याच चित्रपटाला 'ए' दिला होता. मॉर्टेन बे या संशोधकाने जॉन्सन यांना उद्देशून आलेली हजाराच्या आतली ट्वीट तपासली. त्यांत नकारात्मक सुमारे २२ टक्के निघाली आणि त्यांतली निम्मी बॉट, ट्रोल किंवा राजकीय हेतूने लिहिणाऱ्यांची. एका माणसाला धाडलेल्या ट्वीटवरून सगळ्या चाहत्यांचं माप निघत नाही, हे खरं. पण सगळ्यात मोठा आवाज म्हणजे सगळ्यांचा आवाज नव्हे, एवढं त्यातून नक्की कळतं.

शिवाय चाहत्यांचं वय बदलतं. १९८०मध्ये 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' आला तेव्हा 'न्यू यॉर्क टाइम्स'चे व्हिन्सेंट कॅनबी यांना तो फारसा रुचला नव्हता. आज तो मालिकेचा कळस मानला जातो. १९९९च्या 'द फँटम मेनेस'ची झलक आदल्या वर्षी दुसऱ्याच एका चित्रपटाआधी दाखवत होते, तेव्हा तेवढ्यासाठी तिकीट काढून, झलक पाहून उठून जाणारे लोक होते. त्यांच्यातले कित्येक पुढे प्रत्यक्ष चित्रपट पाहून संतापले. पण त्याच चित्रपटाला आठ-दहा वर्षांची पोरंही आली होती आणि त्यांचं 'स्टार वॉर्स' तिथून सुरू झालं. ती पोरं मोठी झाली. आज त्या चित्रपटाची आणि त्यापाठोपाठच्या दोन भागांची बाजू तीच मांडतात. एप्रिल २०२५मध्ये त्यांतला तिसरा, 'रिव्हेंज ऑफ द सिथ', वीस वर्षांनी पुन्हा लागला, तर अमेरिकेत पहिल्या शनिवार-रविवारी त्याने अडीच कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली. त्यातले नायक, ज्या हेडन क्रिस्टेन्सन यांच्या अभिनयाची एके काळी टर उडवली जायची, त्यांचं आता जल्लोषात स्वागत होतं. पहिल्या आठवड्यातला निकाल म्हणजे अंतिम निकाल नव्हे, हे या मालिकांनी पुन्हा पुन्हा सिद्ध केलं आहे.

मधल्या काळात मात्र माणसं भरडली जातात. 'द फँटम मेनेस'मध्ये जार जार बिंक्स साकारणारे अहमद बेस्ट यांनी २०१८मध्ये सांगितलं, की त्या काळातल्या हेटाळणीमुळे आपण आत्महत्येच्या विचारापर्यंत पोचलो होतो. पात्र लिहिलं जॉर्ज लुकस यांनी आणि शिक्षा झाली नटाला. रोझची भूमिका करणाऱ्या केली मरी ट्रॅन यांना वंशावरून आणि दिसण्यावरून इतकं बोललं गेलं, की २०१८च्या जूनमध्ये त्यांनी इन्स्टाग्रामवरची आपली सगळी छायाचित्रं काढून टाकली. याला मत म्हणत नाहीत. पटकथेवर राग असेल तर पटकथेवर काढावा. नटीच्या चेहऱ्यावर काढलेला राग चित्रपटाबद्दल काहीच सांगत नाही, बोलणाऱ्याबद्दल मात्र सगळं सांगतो.

पण याची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. अशा टोळक्यांचा कंपन्यांना फायदाही होतो. चित्रपट फसला की 'चाहते विषारी आहेत' म्हणून हात झटकता येतात. 'द फोर्स अवेकन्स'पासूनच्या तीन भागांत फिन साकारणारे जॉन बोयेगा यांनी २०२०मध्ये उघड सांगितलं, की कृष्णवर्णीय पात्राला जाहिरातीत पुढे करायचं आणि गोष्टीत बाजूला सारायचं, हे बरोबर नाही. फिन वाया गेला असं म्हणणारे हजारो चाहतेही होते आणि त्यांच्या म्हणण्यात द्वेषाचा लवलेश नव्हता. एका बाजूच्या शिवीगाळीचं निमित्त करून दुसऱ्या बाजूची ही रास्त तक्रारही त्याच खोक्यात टाकली जाते. आणि गंमत म्हणजे ज्या कंपनीला टीका नको असते, तीच टोळक्याला खूश करायला रोझचा पडदा कापते.

या सगळ्या रागाच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे, मालकी. मराठी वाचकाला ती चटकन कळावी. १९६७ साली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली आणि त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं 'युगान्त'. सावंतांचा कर्ण तेजस्वी, अन्याय सोसणारा. इरावतीबाईंचा कर्ण भावनेची सवलत न मिळालेला, हिशेबाला उभा केलेला. वाचकांनी दोन्ही वाचले, कडाकडा भांडले, आणि कोणाचाही कर्ण रद्द झाला नाही. महाभारताचा कोणी मालक नाही, म्हणून न आवडलेला कर्ण दुसऱ्याच्या कर्णाला मारू शकत नाही. ल्यूकचं तसं नाही. तो एका कंपनीच्या मालकीचा आहे आणि कंपनी सांगेल तोच खरा. २०१४मध्ये लुकसफिल्मने त्याआधीच्या सगळ्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स एका घोषणेने अधिकृत कथेबाहेर काढून 'लेजेंड्स'च्या कप्प्यात ठेवल्या. टिमथी झान यांच्या १९९१च्या कादंबरीवर वाढलेल्या वाचकाला त्या दिवशी काय वाटलं असेल? 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी वर्गणी काढून 'ॲक्सनार' हा स्वतःचा चित्रपट करायला घेतला, तर २०१५मध्ये पॅरामाउंट आणि सीबीएस कोर्टात गेले. पुढच्या वर्षी नियम आले, की चाहत्यांनी पंधरा मिनिटांचा चित्रपट करावा, दोन भाग मिळून अर्ध्या तासाच्या वर जाऊ नये.

म्हणजे चाहत्याने प्रेम करायचं ते पुराणकथेसारखं आणि हक्क मात्र गिऱ्हाइकाएवढाच. आपली वेगळी आवृत्ती लिहायची त्याला मोकळीक नाही, म्हणून तो एकुलत्या एका अधिकृत आवृत्तीवर तुटून पडतो. अमेरिकी कायद्याप्रमाणे कंपनीच्या मालकीच्या कलाकृतीवर प्रकाशनानंतर ९५ वर्षं हक्क राहतो. १९७७चा 'स्टार वॉर्स' २०७३मध्ये मोकळा होईल. तोवर ही भांडणं मिटणार नाहीत, आणि त्याचा सगळा दोष चाहत्यांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

म्हणून स्टुडिओंना सांगायचं ते एवढंच, की पत्रं वाचा, याद्या फाडा. चाहता 'हे परत आणा' म्हणतो तेव्हा ती वस्तू आणू नका. ती वस्तू त्याला कशामुळे प्रिय झाली होती ते शोधा, आणि मग त्याने न मागितलेलं काहीतरी करा. मायर यांनी तेच केलं, यामाझाकी यांनी तेच केलं, गिलरॉय यांनी तेच केलं.

आणि चाहत्यांना, म्हणजे तुम्हा-आम्हाला, एक विनंती. पुढचा भाग पाहून बाहेर पडाल तेव्हा काय खटकलं ते दृश्यानिशी, कारणानिशी सांगा. त्याबद्दल कोणी तुम्हाला 'विषारी' म्हटलं तरी मागे हटू नका. नटनट्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि पुढच्या भागात काय हवं याची यादी कंपनीला पाठवू नका, कारण ती मानली गेली तर काय होतं ते आपण २०१९मध्ये पाहिलं आहे.